गौरीसाठी घेतलेल्या गोळ्या

"डी अँड सी करावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई इजिप्तच्या, इंग्रजी तुटक. डायलेटेशन अँड क्युरेटाज, म्हणजे गर्भाशयाचं तोंड थोडं रुंद करून आतलं अस्तर खरवडायचं आणि तपासायला पाठवायचं. मी चाळिशी ओलांडलेली, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जात होतं. "कॅन्सर नाही ना, ते आधी बघायला हवं."

मग त्यांनी विचारलं, "हार्मोनच्या गोळ्या घेता का?"

शेजारी हे बसले होते. मी म्हटलं, "नाही."

साफ खोटं. मी स्वतः लॅब टेक्निशियन. आखातातल्या फहाहील शहरातल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचे आणि औषधं लपवणाऱ्या पेशंटांना फाडफाड बोलायचे. हार्मोनची गोष्ट दडवली तर अस्तराच्या पेशी भलत्याच दिसतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी खरं सांगायला जीभ रेटली नाही, कारण त्या गोळ्या मी देवासाठी घेत होते.

अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गौरी-गणपती बसायचे. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या लावून हळू आवाजात आरती, आणि आसपासची सगळी मराठी घरं जेवायला. गौरी असोत की सत्यनारायण, गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलायची. फार्मसीत गोळ्या सहज मिळत. मीच सगळ्यांना आणून द्यायचे. इंजिनियरांच्या पदवीधर बायका कोथिंबीर मागावी तशा गोळ्या मागायच्या आणि मी लॅबच्या कोटाच्या खिशातून काढून वाटायचे. जास्त कीव कुणाची करावी, त्यांची की माझी, हे अजून ठरत नाही. ह्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बायकोची अडचण नेमकी सणाला कधीच कशी येत नाही, हा प्रश्न रिफायनरी चालवणाऱ्या माणसाला कधी पडला नाही.

ऑपरेशनच्या आधी शोभाताई भेटायला आल्या. आमच्या मंडळींत त्या वयाने मोठ्या. डी अँड सी म्हणताच त्यांनी आवाज खाली आणला. "पिशवी साफ करायची म्हणजे... कितवा महिना गं?"

"महिना कसला, शोभाताई? रक्त जातंय."

"हो, हो. आम्ही कुठे कुणाला सांगतोय?"

शुक्रवारपर्यंत सगळ्या मराठी घरांत माझा तिसरा महिना जाहीर झाला होता. त्या दिवशी जाताना मात्र शोभाताईंनी माझ्याकडून गोळ्यांची पट्टी मागून नेली. नवरात्रासाठी.

प्रत्यक्ष डी अँड सीला घाबरू नका. उपाशी ठेवतात, भूल देतात. पाय वर बांधल्याचं कळण्याआधीच झोप लागते. जागी झाले तेव्हा ओटीपोटात पाळीसारखी कळ होती आणि एक मल्याळी नर्स पॅड तपासत होती. दुसऱ्या दिवशी घरी. छळतं ते रिपोर्टची वाट बघणं. मला तर माझ्याच पेशी काचपट्टीवर दिसायच्या, आणि त्या बघणाऱ्या माणसाला मी फसवलं होतं.

रिपोर्टला हे बरोबर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक पॉलिप निघाला, मांसाचा छोटा कोंब. तो साधा आहे. पण अस्तर विचित्र दिसतंय. हार्मोन घेत असाल तर ठीक. घेत नसाल तर काळजी आहे. पुन्हा खरवडावं लागेल, कदाचित पिशवीच काढावी लागेल."

"ती डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही, डॉक्टर," हे कौतुकाने म्हणाले.

"घेते," मी म्हटलं. "सणावारी. बरीच वर्षं."

"कशासाठी?"

"पूजेसाठी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आमच्यात त्या दिवसांत नमाज माफ असते. तुमच्यात नाही?" त्यांनी माझा कागद पुढे ओढला. "आणि लॅबमध्ये काम करता म्हणे."

तेवढंच बोलल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गाडीत हे म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"विचारलंत कधी?"



काचपट्ट्या पुन्हा बघितल्या गेल्या. ते गोळ्यांचेच प्रताप होते, कॅन्सर नव्हता. गोळ्या कायमच्या बंद. तुमच्यापैकी कुणी घेत असेल तर निदान डॉक्टरांना तरी सांगा. देवाला कळलेलं असतंच.

पुढच्या वर्षी पाळी नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी आली. मी स्वयंपाक केला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगितलं, "माझी पाळी चालू आहे. पुरण मीच शिजवलंय."

"शिव शिव, हे बोलायचं असतं का?" म्हणत शोभाताई जिन्यावरूनच फिरल्या. त्यांच्यामागे आणखी दोन घरं. बाकीच्या बायका आत येऊन भिंतीला चिकटून बसल्या, आणि पुरुषांनी घाईघाईने पेट्रोलच्या किमतीवर चर्चा काढली. आरतीची वेळ झाली. तबकाला हात लावायला कुणी पुढे होईना.

हे उठले. निरांजन लावलं, तबक उचललं आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं.    मी आरती सुरू केली, आणि त्या दिवशी खिडक्या लावायला आम्ही विसरलो.