तळाशी पडलेली बशी

इतकी वर्षे झाली, तरी तो रिकामा तलाव माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही. ऐंशीच्या दशकात मी भंडारा जिल्ह्यातील एका ठाण्यात फौजदार होतो. गावच्या सार्वजनिक जलतरण तलावाचे पाणी एका उन्हाळ्यात दोनदा, सकाळी फाटक उघडण्याआधी, कोणीतरी सोडून दिले. व्यवस्थापकांनी लेखी तक्रार दिली.

स्थळपाहणीत खोल बाजूच्या तळावर एक पांढरी बशी मिळाली. पहिल्या वेळीही तशीच मिळाली होती. ती कचऱ्यात गेली. आमच्या जमादारांनी बशी फाटकाजवळच्या चहावाल्याला दाखवली.

"ही बशी माहीच आहे, जमादारसाहेब. तलावावरचा तो जीवरक्षक येते ना. चहा कपानं पेते अन् बशी घेऊन जाते."

जीवरक्षक आंधळगावकडचा, मासेमारी करणाऱ्या घरातला, पन्नाशीचा माणूस. गुन्हा नोंदवला असता तर त्याची नोकरी गेलीच असती. ठाण्यात बाकावर बसवले, तेव्हा त्याने काहीच नाकारले नाही.

"पाणी का सोडलंस?"

"बशी दिसली नाही, साहेब. रोज सकाळी खोल पाण्यात टाकतो. काठावरून दिसली तरच लोकायले उतरू देतो."

"मग व्यवस्थापकांना सांगायचं."

"सांगतलो. तलाव बंद ठेवा म्हणलो. ते म्हणले, लोकं पोहाले येतात, मासे पाहाले नाही."

"आणि बशी तिथेच का ठेवलीस?"

"त्यायले दिसावी म्हणून. माह्या भावाले आमच्या गावच्या मासोळीच्या तलावात मीच शोधलो, साहेब. गढूळ पाण्यात माणूस दिसत नाही, हाताले लागते. तवापर्यंत वेळ होऊन जाते."

मला वाचनाची खोड. व्यवस्थापकांच्या कपाटातून शासनाच्या नियमांची फाईल मागवली. टाचणी गंजून कागदांना चिकटली होती. सर्वांत खोल जागेचा तळ काठावरून स्पष्ट दिसला पाहिजे, नाहीतर तलाव बंद ठेवावा, असे आत लिहिले होते. ते पान मी व्यवस्थापकांपुढे ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि तक्रार मागे घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनीच एक बशी तळाला सिमेंटने बसवून घेतली.

कबूल करणाऱ्याला आधी त्याचे काम विचारावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

तो जीवरक्षक वारल्याचे गेल्या महिन्यात कळले. त्याच्या नोकरीत त्या तलावात कोणी बुडाले नाही. मला पोहता येत नाही. पण गस्तीवर तिकडे गेलो की काठाशी थांबत असे. बशी दिसे, आणि मी पुढे जाई.