घरचं एक मत

माणसांना त्यांचं मत विचारून विचारून बेजार करणारा आमच्या मावसाजींसारखा दुसरा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. आणि त्यांच्यापायी मी आयुष्यात जेवढी मान खाली घातली, तेवढी नव्या नवरीनंही घातली नसेल. मावसाजी दिघोरीच्या तलाव समितीचे बिनपगारी सचिव. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, कधी द्यायचं हे समिती ठरवायची आणि मावसाजी लिहायचे. आजूबाजूच्या गावांत सभा उरकली की तिथले सचिव 'सर्वानुमते मंजूर' लिहून मोकळे व्हायचे, अन् जे आलेच नाहीत त्यांचे अंगठे घरी जाऊन घ्यायचे. आमच्या मावसाजींना 'सर्वानुमते' हा शब्द शिवीसारखा लागायचा. "सर्व म्हंजे कोन? नावं सांगा," म्हणायचे. पक्षात कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण, सगळं नावानिशी. आता खेड्यात सगळेच एकमेकांचे सोयरे. सख्ख्या चुलत्याच्या विरोधात हात वर केल्याचं कागदावर यावं असं कोणाला वाटेल? लोक हात अर्धाच उचलायचे, डोकं खाजवल्यासारखा. मावसाजी चष्मा कपाळावर चढवून सगळ्यांदेखत विचारायचे, "हा हात मताचा होय का खाजेचा?"

हे सभेपुरतं असतं तर चाललं असतं. पण एस.टी.ची खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरही ते साकोली येईपर्यंत मतं घेत. माझ्या सोयरिकीच्या बैठकीत मुलीचे वडील म्हणाले, आमच्याकडचे सगळे राजी आहेत. झालं! मावसाजी सरसावून बसले आणि एकेकाला विचारत सुटले. मुलीच्या मामाला त्या दिवशी चहा उशिरा मिळाला होता. तो फुगून म्हणाला, "मले तटस्थ लिवा." पुढची सगळी संध्याकाळ त्याची समजूत काढण्यात गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. मावसाजी मात्र खुशीत. एका तरी माणसानं खरं सांगितलं, म्हणाले.

एकच मत ते कधी विचारत नसत. मावशीचं. जमीन तिच्या माहेरची, तिच्या नावावर, म्हणून समितीची सदस्य ती. मावसाजी नुसते लिहिणारे. शाळेच्या पडवीत सभा भरे तेव्हा ती एकटी बाई डोक्यावर पदर घेऊन खांबामागं बसायची. इतिवृत्त वाचताना तिच्या नावाशी आलं की मावसाजी अडखळत. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं कसं? मग खाकरून घाईघाईनं म्हणत, "आनि घरचं एक, पक्षात." सगळी सभा हसायची, मीही हसायचो.

एका वर्षी पावसानं ऐन लोंब्या निसवायच्या वेळी दगा दिला. तलावात जेमतेम एका बाजूला पुरेल एवढं पाणी. वरच्या बांध्यांना पाणी द्यायचं असा ठराव एका मतानं पास झाला; खालच्या बाजूच्यांचा धान वाळणार हे नक्की होतं. मावशीची बांधी वरच्या बाजूला. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, उघडायच्या आदल्या दिवशी पुन्हा सभा बसली. रविवार असल्यानं मीही साकोलीहून आलो होतो. मावसाजींनी रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचलं, "आनि घरचं एक, पक्षात" म्हणाले आणि विचारलं, कायम करायचं का?

खांबामागून मावशी म्हणाली, "नाही जी. मले तं कोनी इचारलंच नाही."

मावसाजींच्या हातातला टाक तसाच राहिला. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या माझ्या; आजवर याच गोष्टीवर तर मी हसत आलो होतो. मावसाजींनी घसा खाकरला. मग ते उठून उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाले, "सौ. गिरिजाबाई, मत?"

"खालच्यायले द्या. आपलं भागते कसंतरी."

ठराव उलटला. मावसाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की सदर सदस्येचं मत आजवर न विचारता लिहिण्यात आलं, ही सचिवाची चूक आहे. ते त्यांनी वाचूनही दाखवलं. वाचताना तो भरदार माणूस एवढासा झाला होता. घरी परतताना ते सगळ्यांच्या मागून चालले. त्या वर्षी घरचा धान अर्धाही झाला नाही, पण त्यांना खात होतं ते दुसरंच. "साऱ्या गावाले इचारत फिरलो," एवढंच एकदा माझ्याशी बोलले.

त्यानंतर वांगी आणायची की भेंडी, इथपासून ते मावशीला विचारायचे. ती वैतागायची, पण हसायची. ती गेल्यावर मुलांनी जमीन विकून त्यांना भंडाऱ्याला न्यायचं ठरवलं. आम्ही सगळे बसलो होतो. थोरला म्हणाला, बाबा, आई असती तर हो म्हणाली असती.

मावसाजींनी चष्मा काढून धोतराला पुसला. पुसतच राहिले.

"तिचं नोको लिवू, बाबू," ते म्हणाले. "तिले इचारल्याबिगर तिचं मत म्या लय वर्सं लिवलं."