दोन टोकांचे दोन कप

भूमच्या एस.टी. स्टँडसमोर एक चहावाला आहे. नाव मी कधी विचारलं नाही. चहा बरा असतो, पण नेम कडक. ज्या तारखेला एखादा कलावंत गेला असेल, त्या दिवशी पहिला कप त्याच्या नावानं स्पीकरजवळ ठेवायचा आणि दिवसभर त्याचंच काहीतरी लावायचं. गिऱ्हाइकाला आवडो न आवडो.

परवा कप दोन होते, टेबलाच्या दोन टोकांना. मी विचारलं, तर म्हणाला, "एक गायक, एक पेटीवाला. साल येगळं, तारीख एकच. पण दोघांचं लई वाकडं व्हतं. एका स्टेजवर बसत नव्हते."

"वर गेल्यावर तरी मिटलं असेल की," मी चेष्टेनं म्हटलं.

"मिटलं असंल, सर. पण मला कुणी कळवलं न्हाय."

तेवढ्यात त्यांच्या भांडणाआधीचं एक गाणं लागलं. गळा एकाचा, पेटी दुसऱ्याची. त्यानं फडक्याला हात पुसले आणि एक कप अलगद सरकवत दुसऱ्याजवळ नेला. माझी ईट गावाला जाणारी गाडी लागली होती, तरी मी बसून राहिलो.

गाणं संपलं. त्यानं तो कप उचलून पुन्हा त्याच्या टोकाला नेऊन ठेवला.