साडूंच्या जिवाला धोका

आमच्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या जर्मनीत नसेल, आणि जर्मनीत नसेल म्हणजे जगात नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, न्युरेम्बर्गला एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही एश्बॉर्नला, त्यामुळे वर्षातून चार-पाचदा ते आमच्याकडे नाहीतर आम्ही त्यांच्याकडे, आणि दर वेळी त्यांचा कुठल्या तरी खरेदीचा अभ्यास चालू. टोस्टर घ्यायला या गृहस्थांनी दहा महिने लावले. पावाचे सात प्रकार, प्रत्येकाच्या भाजणीचा फोटो, फोटोखाली सेकंद. तोवर ताई, म्हणजे माझी मेहुणी, बिचारी तव्यावर पाव भाजत होती. टोस्टर आला आणि आठवड्याभरात डॉक्टरांनी साडूंचा पाव बंद केला. रस्त्यावर ना गाडी ना माणूस, तरी लाल सिग्नलला हे भर पावसात उभे राहतात आणि वर मला जर्मन ढंगात ऐकवतात, "आल्झो, नियम म्हणजे नियम." बाथरूममध्ये कोळी दिसला तर ताईला हाक मारतात. अशा या वीरपुरुषाने एक दिवस फोनवर मला सांगितलं, "मी पिस्तूल घेतोय."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण पुढचं दीड वर्ष मला ते पिस्तूल ऐकावं लागलं. कमरेला लावून फिरताही आलं पाहिजे आणि रविवारी नेमबाजीच्या क्लबात नेमही धरता आला पाहिजे, असं एकच पिस्तूल त्यांना हवं होतं. "म्हणजे रोज नेसायची आणि लग्नातही मिरवायची एकच साडी," ताई म्हणाली. नेमबाजीचं पिस्तूल लांब नळीचं आणि जड, दुकानात ते लावून पाहिलं की पँट खाली यायची. कमरेचं आखूड, ते क्लबात धरलं की गोळी शेजारच्याच्या कागदावर जायची. रिव्हॉल्व्हर की मॅगझिनवालं, पॉइंट टू टू की नऊ मिलिमीटर, मूठ लाकडाची की रबराची; एक्सेलच्या तक्त्यात चौतीस रकाने होते आणि शेवटचा "सौ.चं मत" हा रकाना तेवढा रिकामा होता. हाताला वजनाची सवय व्हावी म्हणून साखरेचा किलोचा पुडा समोर धरून ते खिडकीत एक डोळा मिटून उभे राहायचे. समोरच्या आजीबाईंनी पडदे बदलून जाड लावले. पिस्तुलाच्या आधी तिजोरी मात्र आली, कारण कायद्याने ती लागतेच. चार माणसांनी घाम गाळत ती तिसऱ्या मजल्यावर चढवली, आणि आत ठेवायला घरात काही नव्हतं.

परवान्याच्या अर्जासाठी ते सरकारी ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. क्लबात वर्षभर नियमाने जा, परीक्षा द्या, मग नेमबाजीचं पिस्तूल मिळेल. तेही गोळ्या न भरता, कुलूपबंद पेटीत, घरून क्लबात आणि क्लबातून घरी. कमरेला लावून फिरायचं तर परवाना वेगळा, आणि त्यासाठी तुमच्या जिवाला चारचौघांपेक्षा जास्त धोका आहे हे दाखवावं लागेल. "तर, तुमच्या जिवावर कोण उठलंय?" बाईंनी पेन सरसावलं.

साडूंनी महिन्याची मुदत मागितली आणि मला फोन केला.

"बॉस?" मी सुचवलं.

"तो नाताळात केक देतो."

"खालचा शेजारी?"

"माझी पार्सलं घेऊन ठेवतो रे. चोपन्न वर्षं जगलो, आणि मला मारावंसं वाटणारा एक माणूस नाही?"

आवाज अगदी पडला होता. मला दया यायला हवी होती, पण स्वभावाला औषध नसतं. म्हटलं, "का? आप्पा आहेत की!"

आप्पा म्हणजे साडूंचे थोरले चुलतभाऊ, राहणार चिपळूणजवळ. साडूंचे वडील गेल्यावर घराण्याचा गणपती कोणाकडे बसायचा यावरून दोघांचं वाजलं. अंगणात अख्ख्या वाडीसमोर आप्पा ओरडले होते, "उभा चिरीन!" तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. ताई दर गणपतीत एकदा विषय काढायची आणि साडू उठून कचऱ्याचे डबे खाली ठेवायला जायचे.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" साडू फोनवर किंचाळले. "पण ते लेखी पाहिजे."

अकरा वर्षांनी त्यांनी आप्पांना फोन लावला तो असा, धमकी लेखी द्या म्हणून. ताई शेजारीच बसली होती. ती सांगते, "आप्पा, मी बोलतोय," एवढंच हे म्हणाले. मग आप्पा म्हणाले, "कोण, बाळ्या? जेवलास?"

पत्र तीन आठवड्यांनी आलं. मी स्वतः वाचलंय. "चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तू फोनवर कळविल्याप्रमाणे मी तुला ठार मारणार आहे. उभा चिरीन. गुडघ्यांमुळे मला तिकडे येणे जमणार नाही, तरी गणपतीत तूच यावे. चार दिवस राहायच्या तयारीने यावे. तिकडे थंडी फार, तब्येतीस जपावे. तुझा आप्पा."

कुणीही शहाण्याने ते पत्र खिशात घातलं असतं. साडूंनी सरकारमान्य भाषांतरकाराकडून त्याचं शिक्क्यासकट जर्मन करून घेतलं आणि ऑफिसात दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग तुम्ही जाणार आहात ना?" अर्ज नामंजूर झाला. जिवाला धोका आढळत नाही, असं लेखी उत्तर आलं.

ज्या माणसाने टोस्टरला दहा महिने लावले, त्याने मुंबईचं तिकीट वीस मिनिटांत काढलं. ते त्या गणपतीला गेले, पुढच्याही, त्याच्या पुढच्याही. आप्पांचे हात आता फार थरथरतात, आरतीचं तबक मीच धरतो, असं मला दर वर्षी सांगायचे. निघताना आप्पा दर वेळी फाटकात येऊन दम द्यायचे, "पुढल्या वर्षी आला नाहीस तर बघ." इकडे रविवारी साडू क्लबात जातात आणि क्लबाचंच पिस्तूल वापरतात. स्वतःचं अजून ठरलेलं नाही, रकाने एक्केचाळीस झालेत. तिजोरीत आप्पांचं पत्र आहे, बाकी काही नाही. मी त्यावरूनही भरपूर चेष्टा केली आहे.

यंदा फाल्गुनात आप्पा गेले. साडूंचा मला फोन आला. पिस्तुलाचं काहीतरी असेल म्हणून मी टीव्हीचा आवाज तसाच ठेवून उचलला.

"आता माझ्या जिवाला कुणापासूनच धोका राहिला नाही रे," ते म्हणाले.

एरवी मी यावरही चेष्टा केली असती. त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "साडूभाऊ, जेवलात?"