'झालं' म्हटल्यावरची रेघ

आमच्या गल्लीत माझ्या धाकट्या दिराला 'उद्या' म्हणतात. गॅरेजमधली गाडी पळणार कधी, असं कुणीही विचारलं की भाऊजी हातातलं फडकं झटकून म्हणायचे, "उद्या." सात वर्षं हेच. शेजारच्या शिंप्यानं एकदा विचारलंसुद्धा, "उद्या म्हणजे याच जन्मातला ना?" सगळे हसले, भाऊजी नाही हसले.

माणूस तसा कामाचा. मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टची देखभाल बघतात. त्यांनी तपासलेली लिफ्ट मधेच अडकली असं कधी झालं नाही. लग्न केलं नाही, जेवण माझ्याकडे, झोपणं गॅरेजवरच्या खोलीत. बोलणं मोजूनमापून. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मान खाली घालून मुकाट जेवतात आणि स्वतःचं ताट घासून ठेवतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, एका निवृत्त मास्तरांकडून. चौकोनी, खोक्यासारखी, तेव्हाच वीस वर्षांची जुनी. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर शर्यती व्हायच्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ पाव मैल पळायचं, संपलं. "पंधरा सेकंदांसाठी सहा महिने राबता, डोंबलाची शर्यत!" असं मी माझ्या नवऱ्याला म्हणायची. हे नुसते हसायचे. गाडीला टर्बो बसवायचा हे त्यांचं स्वप्न. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्यानं इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. त्याचं चित्र त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर खडूनं काढून ठेवलं होतं.

दोघांची एक पद्धत होती. नट आवळायला टॉर्कचा पाना. नट पुरेसा आवळला की पाना 'कट्ट' असा वाजतो. हे एकेका चाकाचे पाचही नट आवळायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "झालं." मगच भाऊजींनी प्रत्येक नटावरून चाकावर येईल अशी लाल रेघ ओढायची. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. रेघेला रंग कुठला, तर माझं नेलपॉलिश. माझी नवी कोरी बाटली त्या चाकांच्या नावानं गेली ती गेलीच.

अकरा वर्षांपूर्वी भर शर्यतीत मागचं डावं चाक निखळलं. गाडी कडेच्या भिंतीवर गेली आणि हे जागीच गेले. लेक माझी तेव्हा अकरा वर्षांची. लोक म्हणाले, गाडीच जुनी, बोल्ट झिजले असतील. मीही तेच मानलं. दुसरं काय मानणार?

चार वर्षं तो सांगाडा ताडपत्रीखाली पडून होता. मग एका सकाळी भाऊजींनी ताडपत्री काढली. मी आकाशपाताळ एक केलं. ते इतकंच म्हणाले, "वहिनी, दादाचं राहिलंय."

भंगारातल्या छोट्या ट्रकचा टर्बो आणला. पिस्टन नवे, जास्त दाब सोसणारे. डावी बाजू पत्रा कापून पुन्हा उभी केली. लेक मोठी झाली, बॉयलरच्या कारखान्यात वेल्डिंगला लागली, आणि चालकाभोवतीचा पाइपांचा पिंजरा तिनंच जोडला. सीट मात्र भाऊजींनी हलवू दिली नाही. ह्यांचे पाय लांब, म्हणून सीट पार मागे लावलेली, ती तशीच. लेक पाठीशी दोन उशा घेऊन बसायची. दुपारी खिडकीतून ऊन आलं की त्या सीटची पाठ मधोमध दबल्यासारखी दिसायची, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. मी तिकडे बघायचं टाळायची.

आणि तो आवाज. रोज सकाळी सहाला भाऊजी चारही चाकांचे नट सैल करून पुन्हा आवळायचे. कट्ट, कट्ट. सात वर्षं! कहर म्हणजे ते कामावर असले तरी मला ऐकू यायचं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. कट्ट, कट्ट. मग शांतता, कुणीतरी 'झालं' म्हणायची वाट बघणारी. कुणी म्हणायचं नाही. मी नळ जोरात सोडायची. कुणाला सांगणार? म्हणाले असते, हिला लागलं वेड.

गेल्या महिन्यात लेकीनं शर्यतीत नाव घातलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तावातावानं गॅरेजात गेले. "भाऊजी, उद्या ही गाडी या दारातून बाहेर गेली तर माझं मेलेलं तोंड बघाल!"

भाऊजी मागच्या डाव्या चाकाशी बसले होते. मांडीवर पाना, हातात नेलपॉलिशची बाटली.

"जाणार नाही," ते म्हणाले. "मला रेघच ओढवत नाही, वहिनी."

"का?"

"त्या दिवशी स्पीकरवर आपला नंबर पुकारला. दादा या चाकाशी होता. दोनदा कट्ट ऐकलं. मी पुढच्या चाकाच्या रेघा उरकून इथे आलो तर दादा नाही. मला वाटलं, झालं असेल. पण त्यानं 'झालं' म्हटलं नव्हतं. मी पाचही नटांवर रेघा ओढल्या. तो धावत आला, रेघा बघितल्या. त्याला वाटलं, उरलेले मी दुसऱ्या पान्यानं आवळले. बसला गाडीत."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हाताला आलं ते फडकं मी त्यांच्या तोंडावर फेकलं. "अकरा वर्षं माझ्या हातचं जेवलात! घास उतरला कसा तुमच्या घशाखाली?"

मला त्यांना मारायचंही होतं, पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी खुपायला लागलं. "हे काम अर्ध्यावर टाकून उठणारे नव्हते. कुठे गेले होते?"

"असेल गेला कुठेतरी."

"कुठे, भाऊजी?"

त्यांनी मान फिरवली. या माणसाला खोटं बोलता येत नाही. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मैदानाच्या कडेला चटई, उघडलेला डबा, आणि मी: "अहो, गार होतंय! आता तिसऱ्यांदा हाक मारणार नाही हं!" हे पाना हातात घेऊनच आले होते. उभ्याउभ्या दोन घास खाल्ले, पुन्हा नंबर पुकारला तसे पळाले. घरी आल्यावर, सगळं संपल्यावर, पिशवी रिकामी केली तर डब्याखाली पाना. मीच तो नेऊन भाऊजींच्या हातात दिला होता. त्यांनी एक शब्द न बोलता कापडात गुंडाळून ठेवला होता.

मी तिथेच फरशीवर बसले. "तुम्हाला ठाऊक होतं."

"पाना तुम्हीच दिलात ना."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी रेघ सांगितली असती, तर तुम्ही तुमच्या हाकेपर्यंत पोचला असता." त्यांनी फडक्यानं डोळे पुसले, गालाला काळं लागलं. "एकट्यानं पुरे होतं, वहिनी."

मी रडले. अकरा वर्षांत रडले नव्हते अशी रडले. मग पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "द्या तो पाना. नट सैल करा सगळे."

"तुम्ही?"

"मी नाही तर कोण? ती काय ऐकणार आहे आपलं? बापावर गेली आहे. जाणार असेल तर माझ्या हातानं आवळलेल्या चाकांवर जाईल."

पाना माझ्या हाताला जड. पहिला नट, कट्ट. दुसरा. तिसऱ्याला पाना लावला आणि स्वयंपाकघरातून लेकीची हाक आली, "आई, काका, चहा गार होतोय!"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. मी मान वळवली नाही.

"होऊ दे गार!" मी ओरडले.

तिसरा. चौथा. पाचवा. मग ती शांतता, माझ्या ओळखीची.

"झालं," मी म्हटलं.

भाऊजींनी बाटली उघडली. पहिली रेघ वाकडी आली, दुसरी बरी. चारही चाकं झाल्यावर मी गाडीत वाकून ती सीट पुढे ओढली. घट्ट बसली होती. भाऊजींनी दुसरीकडून हात लावला तेव्हा हलली.