कटर शे ना मन्हाकडे!

मी नव्या चेन सॉच्या एका टाकीत पेट्रोल ओतलं, दुसऱ्या टाकीत ऑइल ओतलं, आणि दोन्ही आतल्या आत मिसळतील असं समजलो.

तसं काही होत नसतं. दुसरी टाकी नुसती साखळीला तेल पाजायची असते. इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच कालवून द्यावं लागतं, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चित्रासकट छापलं आहे. ती पुस्तिका मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. उघडली मात्र नव्हती. हायस्कुलात तीस वर्षं घर्षणाचा धडा शिकवलेल्या माणसाला पुस्तिका कशाला लागते?

खरं तर हे कटर घेतानाच (आमच्याकडे चेन सॉला सगळे कटरच म्हणतात) माझी अक्कल चरायला गेली होती. दुकानदाराने नीट विचारलं, "काय कापायचं, गुरुजी?" माझ्या शेतात कापण्यासारखं म्हणजे चार बोरी आणि बांधावरच्या लिंबाच्या फांद्या. त्याने बॅटरीवरचं लहान कटर पुढे केलं. मी म्हणालो, "याच्याने काय दाढी करू?" आणि भिंतीवर टांगलेलं सगळ्यात लांब पात्याचं, पेट्रोलचं धूड खाली काढायला लावलं. मास्तर निवृत्त झाला तरी कामाचा माणूस आहे हे अख्ख्या कोरीट गावाला ऐकू जावं, एवढीच इच्छा होती.

दोनच दिवसांनी संध्याकाळी वारा सुटला आणि शिवरस्त्यावर बाभूळ आडवी झाली. रस्ता तिथे खोलगट आहे, दोन्हीकडे कमरेइतके बांध. बाभूळ या बांधावरून त्या बांधावर पुलासारखी पडली. पलीकडे माझ्या चुलत वहिनींची पपई. भाऊ नोकरीला सुरतेत, शेती सगळी वहिनींच्या अंगावर. व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी चारला शेतात यायची होती. सकाळी उजाडताच वहिनी दारात.

"भाऊजी, तोड लाऊ का थांबाडू?"

झाडावरची पपई दोन दिवस थांबते. तोडलेली थांबत नाही, आणि ठरल्या वेळी माल मिळाला नाही की गाडी सरळ दुसऱ्याच्या शेतात जाते. हे मला ठाऊक होतं. तरी मी छाती फुगवून म्हणालो, "बिनधास्त लावा. कटर शे ना मन्हाकडे!"

"कटर शे, पण चालाडता येस का?"

मी नुसता हसलो. वहिनींनी माझ्या हसण्यावर विश्वास ठेवला आणि तोड लावली.

पहिली दहा मिनिटं काय सांगू! दोरी ओढताच ते धूड असं गरजलं की बांधावरचे बगळे उडाले. मनगटाएवढ्या फांद्या काकडीसारख्या पडत होत्या. तोड करणाऱ्या बाया काम सोडून बघायला आल्या. तेवढ्यात एक किंकाळी आली. आधी वाटलं बायांतलं कोणी ओरडलं. ते इंजिन होतं. मग सगळं शांत. दोरी ओढली, तर ती भिंतीत चिणल्यासारखी. जागची हलेना.

नंदुरबारला एक मिस्तरी चाचा आहेत. पिढीजात सुतार, आता करवती आणि मोटारी दुरुस्त करतात, मोठी झाडंही उतरवतात. त्यांना फोन लावला.

"दोरी वढाई ऱ्हायनी का?"

"नही."

"पेट्रोलमा ऑइल कितलं टाकं?"

"पेट्रोलमा नही. शेजारनी टाकीमा टाकं."

चाचा म्हणाले, "आते येस."

आले ते स्कूटरवर, पायाशी गोणपाटाची पिशवी. माझ्या कटरकडे त्यांनी मयताला आल्यासारखं बघितलं आणि ते बाजूला सावलीत ठेवलं. पिशवीतून बॅटरीचं लहान कटर निघालं. त्याच जातीचं, ज्याला मी दाढीचं म्हणालो होतो. पातं जेमतेम हातभर. मला हसू आलं, पण हसायचा हक्क सकाळीच खर्च झाला होता.

आणि मग चाचांनी कटर चालूच केलं नाही. आधी साखळीच्या एकेका दातावरून कानस फिरवली, नखावर धार पाहिली. शर्ट खोचला, चष्मा चढवला. आपल्या मागचे काटेकुटे पायाने सारून पळायला वाट मोकळी केली. मग झाडाभोवती फिरले. खाली बसून खोड बघितलं, तळहाताने थोपटलं. म्हैस विकत घेणारा माणूस जसा घाई करत नाही, तसे. मला वाटत होतं, चारला गाडी येणार, हे गृहस्थ झाडाशी सोयरीक जुळवतायत! आज कळतं, काम त्या फेरीतच निम्मं झालं होतं. वाटेवरच्या फांद्या त्यांनी बघता बघता उतरवल्या. ना धूर, ना गर्जना. बाया तिकडे गप्पा मारत होत्या त्याही ऐकू येत होत्या.

दुपारच्या नमाजाला ते विहिरीकडे गेले. जाताना बॅटरी काढून ठेवून गेले असते तर मी आज हे लिहीत नसतो. पण समोर मास्तर आहे, शाळेतलं पोर नाही, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

मी कटर उचललं. केवढं हलकं! दोरी नाही, झटका नाही, बटण दाबलं की चालू. वेळ वाचवावा म्हणून खोडाच्या बरोबर मध्ये, वरून, कापायला सुरुवात केली. पातं चार बोटं आत गेलं आणि लाकडाने ते गच्च धरलं. मी आणखी दाबलं. आणखी बटण दाबलं. बॅटरीचे दिवे एकेक करत विझले. गावातलं एकमेव चालू कटर आता बाभळीच्या तोंडात, आणि घड्याळात अडीच.

वहिनींनी पाहिलं. मागे तोडलेली पपई कागदात गुंडाळून रचत होत्या, ती तशीच रचत राहिल्या. मला शिव्या चालल्या असत्या.

चाचा आले. आधी बॅटरी काढली, मग विचारलं, "हाई कोन अडकाडं?" बायांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मास्तरांकडे बोट दाखवायची संधी रोज येत नाही.

मग त्यांनी मला समजावलं. खोड दोन्ही टोकांवर टेकलंय, म्हणजे मध्ये वाकतंय. वरचं लाकूड दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. दाबाच्या बाजूने शिरलात की तोंड मिटणारच. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, बाण दाखवून, लाल खडूने. बाभूळ त्या वर्गात बसलेली नव्हती, हे तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चाचांनी फांदीच्या तुकड्याची पाचर केली, चिरेत ठोकली, खाली पहार घालून वहिनींच्या दोघा गड्यांकडून खोड केसभर उचललं. पातं सुटलं. आता उरली चाचांच्या पिशवीतली एकच जादा बॅटरी. एवढ्यावर खोडाचे तुकडे करणं शक्यच नव्हतं. पण चाचांना तुकडे करायचेच नव्हते! ते अलीकडच्या बांधाजवळ गेले, वरून दोन बोटांची खाच घेतली आणि पातं खालून वर चढवलं. सावकाश, मध्ये थांबून, लाकडाचा आवाज ऐकत. शेवटी "कट्" झालं आणि खोडाचं टोक अलगद रस्त्यावर टेकलं. गड्यांनी आणलेल्या ट्रॅक्टरला साखळदंड बांधला, आणि अख्खी बाभूळ फाटकासारखी फिरून दुसऱ्या बांधाला लागली.

एक काप. मी सकाळी ज्याची वीस ओंडक्यांत वाटणी करणार होतो, ते झाड एका कापात बाजूला!

गाडी आली, फांद्या खरवडत आत गेली. पहिलं कॅरेट चढल्यावर वहिनींनी पदराने कपाळ पुसलं आणि निवडून दोन पिकल्या पपया चाचांच्या स्कूटरला अडकवल्या. मला पाणीही विचारलं नाही. बरोबरच होतं.

चाचा माझं मेलेलं कटर गोणपाटात घालत होते. मी जवळ जाऊन, अगदी विद्यार्थ्याच्या नम्रतेने विचारलं, "चाचा, आता खरं सांगा. मी कोणतं वापरू? पेट्रोलचं, का बॅटरीचं?"

चाचांनी स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही कुऱ्हाड ल्या. दमशात तवय थांबशात तरी."