उस्तादांचं रिंगण

जमिनीवर काहीही अनोळखी पडलेलं दिसलं की उस्ताद दोन पावलं आधी थांबत, वेताच्या छडीने त्याच्याभोवती गोल रिंगण काढत आणि कमरेवर हात ठेवून म्हणत, "आधी बघा. मग वाका."

एकदा माझा पायमोजा दोरीवरून खाली पडला, तर त्यालाही रिंगण मिळालं. मी उचलायला गेलो तर छडी आडवी.

"आवं बाबूसाहेब, वळख पटली का?"

"अहो उस्ताद, माझाच मोजा आहे!"

"मोजा तुमचा हाय. आत कोन शिरलंय ते ठावं हाय का तुमास्नी?"

आतून विंचू निघाला असता तर या गोष्टीला बहार आली असती. पण काहीच निघालं नाही. उस्तादांनी मोजा छडीच्या टोकाने उचलला, तीनदा झटकला आणि मेडल द्यावं तसा माझ्या हाती दिला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. साताऱ्याबाहेर जवानांना शिकवायची एक छावणी होती आणि मी तिथे कारकून होतो. वाईचा, काडीसारखा, चष्मेवाला. बंदुकीचा आवाज झाला की टाक हातातून सुटायचा. उस्ताद उंब्रजकडचे, जुने हवालदार. छावणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, पण आमच्याकडे चार शिकवणारे असूनही 'उस्ताद' म्हटलं की हेच. मिशा अशा की पावसात छत्री नसली तरी हनुवटी कोरडी राहावी.

एके दिवशी वरून एक इंग्रजी तक्ता आला. आमची एक तुकडी पूर्वेकडच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणार होती. तिथे पाण्यात डंख करणारे प्राणी असतात, ते जवानांना ओळखायला शिकवावं असा हुकूम. आता गंमत बघा. शिकवणारे उस्ताद, इंग्रजी वाचून सांगणारा मी, शिकणारे सातारा-सांगलीचे चाळीस गडी. या बेचाळीस जणांत समुद्र पाहिलेला एकही नव्हता! कृष्णेला पूर आला की आमचा समुद्र तिथे संपायचा.

"जेलीफिश म्हंजे वो काय?" उस्तादांनी विचारलं.

"जेली म्हणजे... साहेबलोकांचा खरवस."

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक पैदा करून परातभर खरवस वर्गात हजर केला. परात हलवत म्हणाले, "बघा रं! ह्यो असा थरथरतो. ह्याला डोळं न्हाईत, हाडूक न्हाई. पर खाली झालर असती, ती अंगाला लागली की इंगळी डसल्यागत आग हुती." वर्ग संपल्यावर जवानांनी तो प्राणी वेलची घालून खाल्ला. आमच्या छावणीत इतका आवडता विषय दुसरा झाला नाही.

तक्त्यावरचा दुसरा प्राणी जास्त वाईट होता. पाण्यावर तरंगणारा छोटा फुगा आणि त्याखाली लांबच लांब दोरे. मेला, वाळूत येऊन पडला, तरी दोरे डसायचे ते डसायचेच. त्यासाठी उस्तादांनी फाटक्या फुटबॉलचा ब्लॅडर मिळवला, जरा हवा भरली आणि स्वतःच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून दोरे लावले.

"रंग कंचा?"

तक्ता काळ्या शाईत छापलेला. रंगांची माहिती दुसऱ्या कागदावर होती आणि तो कागद कोठारात वाळवीने खाल्लेला. आता 'माहीत नाही' म्हणायला कारकुनाच्या जिवावर येतं. मी चष्मा वर सरकवून म्हटलं, "लालच असणार. आग करणारं जे जे आपण पाहिलंय, ते लालच की! मिरची, तांबड्या मुंग्या, गांधीलमाशी..."

उस्तादांना पटलं. तुम्हालाही पटलं असतं, आपल्याकडचे असाल तर. ब्लॅडर लालभडक झाला.

उपचारही शिकवले. आपल्याकडे काही चावलं की माणूस आधी माती घेऊन चोळतो. तक्त्यावर तर लिहिलेलं की चोळायचं नाही, गोडं पाणी घालायचं नाही. काडीने दोरे काढायचे आणि समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. उस्ताद जवानाच्या दंडावर लोकर गुंडाळून ओरडत, "डसलं!" बिचाऱ्याचा हात सवयीने मातीकडे जाई आणि त्यावर छडी बसे. "माती न्हाई! वाळू न्हाई! खारं पानी!" आठवडाभरात चाळीसही जण झोपेत 'खारं पानी' बडबडायला लागले.

शेवटच्या तासाला कवठे महांकाळचा एक ताडमाड जवान उठला. त्याला सगळे कवठेकरच म्हणत. त्याच्या गावात पाऊस पाहुण्यासारखा यायचा, त्यामुळे पाण्याबद्दल त्याला अपार कुतूहल.

"उस्ताद, आन् निळं असलं तर?"

"निळं असलं तर उचल आन् बायकूला धाड!"

वर्ग खो खो हसला. उस्तादही मिशीत हसले. तुकडी दुसऱ्या दिवशी रवाना झाली.

चारच दिवसांनी भटारखान्यात नवा आचारी आला, मालवणकडचा. उस्ताद कौतुकाने त्याला आपली शिकवण्याची सामग्री दाखवायला घेऊन गेले. आचाऱ्याने ब्लॅडर पाहिला आणि पोट धरून हसत सुटला.

"ह्यां काय ओ? लाल खंय असता? निळी असता ती! निळी!"

उस्ताद हसले नाहीत. मी तेव्हा शेजारीच होतो. त्यांच्या मिशा एवढ्या खाली आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आचाऱ्याला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. बाकी सगळं बरोबर होतं. फुगा बरोबर, दोरे बरोबर, खारं पाणीही बरोबर. फक्त रंग चुकला होता, आणि निळं तर आम्ही उचलायलाच सांगितलं होतं.

"बाबूसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "मी चाळीस पोरांस्नी इखार उचलाय लावलंय."

लाल मी म्हटलं होतं. पण त्यांनी ते एका शब्दाने काढलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आम्ही चाळीस कार्डं लिहायला बसलो. मजकूर उस्तादांचा, अक्षर माझं: "निळ्याला हात लावू नका. लाल असतं का नसतं ठावं न्हाई, तरी त्यालाबी लावू नका. चूक माझी हाय. उस्ताद." मी म्हटलं, 'आमची' लिहू या. ते म्हणाले, "शिकवलं मी. ल्ह्या गप."

लढाईच्या दिवसांत कार्डं तपासल्याशिवाय जात नसत. एकच मजकूर, चाळीस वेळा, सगळा निळ्या-लालाचा! ही गुप्त भाषाच, असं ठरलं. छावणीच्या साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. मी चष्मा दोनदा पुसला. उस्ताद मात्र ब्लॅडर काखेत मारून निघाले. सकाळीच त्याला कपड्यांची नीळ फासली होती, ती ओलीच. साहेबापुढे त्यांनी कडक सलाम ठोकला आणि कपाळावर चार निळी बोटं उमटली.

साहेब आधी ब्लॅडरकडे, मग कपाळाकडे बघत राहिला. उस्तादांनी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं; रंग चुकला, पोरं गेली, "हुजूर, मेरेको सजा दो, मगर कार्ड जाने दो." साहेब तोंड फिरवून बराच वेळ खोकला. त्या खोकल्यात हसू होतं, पण कार्डं त्याच डाकेने गेली.

मग उत्तरं यायला लागली. "पोचलं. हात लावत न्हाई." "पोचलं. एक दिसलं, निळंच हाय." उस्ताद रोज डाकेच्या वेळी माझ्या टेबलाशी उभे राहत आणि प्रत्येक नाव दोनदा वाचून घेत. महिन्या-दोन महिन्यांत एकोणचाळीस उत्तरं आली. कवठेकराचं आलं नाही.

त्यांचं जेवण कमी झालं. रिंगणं काढायचं थांबलं. एकदा माझी दौत जमिनीवर पडली, तर ते सरळ वाकले आणि उचलून टेबलावर ठेवली. अहो, त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तरी मी खूश झालो असतो!

सहा महिने झाले असतील. एका दुपारी कचेरीच्या दारात कवठेकर उभा. रजेवर आलेला, रापलेला, दोन्ही हात धडधाकट. उस्तादांनी आधी त्याचे तळवेच धरले आणि उलटेपालटे करून पाहिले.

"कार्डाला उत्तर का दिलं न्हाईस, गाढवा?"

"कंचं कार्ड, उस्ताद?"

त्याची बदली दुसऱ्या चौकीवर झाली होती. कार्ड त्याला मिळालंच नव्हतं.

"मग निळं दिसलंच न्हाई तुला?"

"दिसलं की! वाळूत पडल्यालं, लय देखणं. म्हटलं, उस्तादांनी सांगितलंय, बायकूला धाडावं. वाकनार, तवर हातातली काठी तुमच्यावानी आपसूक फिरली. रिंगान काडलं आन् बघत बसलो. तिथला एक म्हातारा कोळी बोंबलत आला, तवा कळलं." तो लाजून म्हणाला, "तुमचा रंग चुकला व्हता, उस्ताद. पर रिंगान न्हाई चुकलं."

उस्ताद खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीवर, ती एकच होती. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एवढ्या मिशांचा माणूस आमच्यादेखत हमसून रडला. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "समुद्र कसा असतो रं?"

कवठेकराने विचार केला. "लय असतो, उस्ताद."

लढाई संपली, छावणी उठली, उस्ताद उंब्रजकडे आपल्या शेतावर गेले. मी त्यांना वचन दिलं होतं की एकदा तुम्हाला समुद्र दाखवतो. ते म्हणत, ऊस निघाला की जाऊ. मी म्हणे, रजा मिळाली की जाऊ. एक वर्ष ऊस लांबला, एक वर्ष रजा. तिसऱ्या वर्षी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, ते दहाव्याचं.

त्यानंतर काही महिन्यांनी नव्या नोकरीच्या कामासाठी मला रत्नागिरीला जावं लागलं. पहिल्यांदाच समुद्र पाहिला. कवठेकर म्हणाला होता तसाच, लय होता. ओल्या वाळूवरून चालताना पुढे काहीतरी चमकलं. बोटभर फुगा, खाली गुंतलेले दोरे. इतका सुंदर निळा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी दोन पावलं आधी थांबलो आणि छत्रीच्या टोकाने त्याच्याभोवती रिंगण काढलं.

"निळंच आहे हो, उस्ताद," मी मोठ्याने म्हणालो. "लाल मी म्हटलं होतं."

लाट आली आणि रिंगण पुसून गेली. निळं तिथेच होतं. मागून माणसं फिरायला येत होती, म्हणून मी पुन्हा रिंगण काढलं.